चौथा ‘म्हणून’: नाशिक ते सुरगाणा, एका सहीसाठी

लोक फेब्रुवारीत गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात. आम्ही दोघं सुरगाण्याला गेलो, आणि तेही एका सहीसाठी. गोष्ट २००६ सालातली आहे. इतक्या जणांना तोंडी सांगून झाली की शेवटी ब्लॉगवर उतरवून मोकळं व्हावं म्हटलं. सुरगाण्याला जाण्याचा कोणाचा बेत असेल तर रस्ते, चहा आणि लॉज यांची माहिती मधूनमधून येईल. नसेल बेत, तर करा.

आधी आमची ओळख. मी नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. माझा नवरा विलास हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. आमच्या मुलाला नातेवाईक नागरिकशास्त्र म्हणतात, कारण इतिहास आणि भूगोलाच्या भांडणात त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. घरात पुस्तकांची कपाटंही दोन, एकमेकांकडे पाठ करून उभी. विलासचं ठाम मत असं की जगात जे काही होतं ते हवामानामुळे. तो स्वतः उशिरा उठतो तेही हवामानामुळे.

आणि मला कॉलेजात ‘म्हणून मॅडम’ म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येतं. कारण माझ्या नोट्स. वसाहतकालीन अमेरिका या धड्याच्या माझ्या नोट्स नऊ वर्षं झेरॉक्सच्या दुकानात विकल्या गेल्या, इतक्या सोप्या. उत्तरेकडच्या वसाहतींत जमीन खडकाळ, हिवाळा लांब, म्हणून शेती छोटी. म्हणून लोक मासेमारीकडे आणि जहाजं बांधण्याकडे वळले. मधल्या वसाहतींत माती चांगली, नद्या मोठ्या, म्हणून गहू. म्हणून बंदरं आणि बाजार. दक्षिणेत हवा उष्ण नि दमट, म्हणून तंबाखू, भात, नीळ. म्हणून मोठमोठे मळे. म्हणून पुष्कळ मजूर लागले. म्हणून गुलाम आणले. दक्षिणेला चार ‘म्हणून’. पोरं बोटांवर मोजून पाठ करायची. नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालतात ती, एवढं सांगितलं की धडा संपला.

दिवाळीआधीच्या चाचणीत मी हाच प्रश्न घातला. दक्षिणेकडच्या वसाहतींच्या अर्थव्यवस्थेवर हवामानाचा परिणाम स्पष्ट करा, दहा मार्क. साठ पेपरांत तेच चार म्हणून. एकीनं मात्र तीन लिहिले आणि खाली लिहिलं, “शेवटच्या म्हणूनला माझी हरकत आहे. हवा उष्ण होती म्हणून नीळ-तंबाखू आली असेल. पण माणसाला विकत घ्यायचं, हे हवेनं सांगितलं नव्हतं.” पेपर यशोदाचा. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी, दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलला राहणारी, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर. रात्रीचे अकरा वाजले होते, गठ्ठा संपत नव्हता. मी खाली लाल अक्षरांत ‘विषयांतर’ लिहिलं आणि दहापैकी दोन देऊन टाकले. वर, वर्गात पेपर दाखवून परत घेताना भाषण ठोकलं, “जेवढं विचारलंय तेवढंच लिहायचं. फाटे फोडायचे नाहीत.”

दिवाळीनंतर यशोदा वर्गात आलीच नाही. मला वाटलं, लागलं पोरीच्या मनाला. विलास म्हणाला, “तू स्वतःला फार महत्त्व देतेस. ती द्राक्षाला गेली असेल.” आणि खरंच, हॉस्टेलची मैत्रीण म्हणाली, “मॅडम, ती आईबरोबर पिंपळगावला पॅकिंगला गेलीय. दरवर्षीच जाते.” दरवर्षी जाते हे वर्गशिक्षिकेला दुसऱ्या वर्षी कळलं, यावर काय बोलायचं!

मग फेब्रुवारीत हजेरीची यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. यादीत यशोदाचं नाव होतं. यादीतून सुटायचं असेल तर एकच वाट होती: विद्यार्थ्याच्या सहीचा माफीचा अर्ज, सोमवारी दुपारी बारापर्यंत. ऑफिसातल्या क्लार्कनं मला छापील फॉर्म दिला. कारणाच्या जागी आधीच ‘आजारपण’ लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणाला, “सगळ्यांचं तेच असतं मॅडम. आपल्या कॉलेजची तब्येतच नाजूक आहे.”

शुक्रवार संध्याकाळ. कामावरचा नंबर माहीत नाही, पाड्यावर फोन नाही, मोबाईलला रेंज नाही. एका पोरीचं वर्ष माझ्या पर्समध्ये घडी घालून पडलेलं. मी विलासला म्हटलं, “उद्या जाऊन सही घेऊन येऊ.” तो म्हणाला, “चल. तुझी अमेरिका मी तुला नाशिक जिल्ह्यातच दाखवतो.”

शनिवारी सातला निघायचं ठरलं आणि साडेआठला निघालो. (धुकं होतं म्हणे.) नागरिकशास्त्राला आत्याकडे सोडलं. आमची गाडी म्हणजे सेकंडहँड मारुती आठशे, जिची डावी काच खाली जाते पण वर येत नाही. मुंबई-आग्रा हायवेनं पिंपळगाव बसवंत तीसेक किलोमीटर. एरवी पाऊण तासाचा रस्ता, पण हंगामात दीड तास धरा, कारण पुढे द्राक्षाचे टेम्पो, मागे कांद्याचे ट्रॅक्टर आणि मधे आपण. हिवाळी रांगड्या कांद्याचा वास खिडकीतून आत येतो, आणि आमची काच वर येत नाही हे सांगितलंच.

विलासचं अमेरिकादर्शन सुरू झालं. “हे तुझं फिलाडेल्फिया. मधली वसाहत. काळी माती, पाण्याची सोय, आणि बंदराऐवजी हायवे. माल आला की बाजार आला.” मला ते पटलं हे मी त्याला मुळीच कळू दिलं नाही. हायवेच्या कडेला मिसळ खाल्ली, पंधरा रुपये प्लेट, वर तर्री फुकट. विलासनं तीनदा तर्री मागितली आणि मग सुरगाण्यापर्यंत पाणी मागत राहिला.

पॅकहाउस शोधायला तासभर गेला. एका मोठ्या शेडबाहेर वॉचमननं हात आडवा घातला.

“ऑडिटवाले का?”

“नाही. इतिहासवाले.”

“मग आत तुम्हाला कोणी घाबरायचं नाय,” असं म्हणून त्यानं फाटक उघडलं.

आत चांगलीच थंडी. लांब टेबलांशी डोक्याला टोप्या लावलेल्या बायका उभ्या, हातात छोट्या कात्र्या, घडातला एकेक खराब मणी कापून टाकतायत. बोलणं चालू, नजर घडावर. सुपरवायझर बाई म्हणाल्या, “यशोदाची टोळी ना? त्या जानेवारीतच गेल्या. दिंडोरीच्या बागेत काढणी लागली. त्यांना तिथनंच बोलावणं असतं.” वहीत बघून त्यांनी बागायतदाराचं नाव आणि गाव सांगितलं. झालं, सही एक स्टेशन पुढे सरकली.

पिंपळगावहून दिंडोरीकडे आतल्या रस्त्यानं गेलो. हा रस्ता नकाशात सरळ दिसतो आणि प्रत्यक्षात दर चौकात विचारावा लागतो. “सरळ जा, मग डावीकडं, मग विचारा,” असं प्रत्येकानं सांगितलं, आणि ते तंतोतंत खरं होतं. पण दोन्ही बाजूंनी मांडवावर चढवलेल्या बागा, खाली सावलीत लटकलेले घड. विलाससुद्धा खिडकीतून बघत राहिला. मग म्हणाला, “व्हर्जिनिया. तुझी दक्षिण, मोठमोठे मळे.”

बागायतदार साठीचे, पांढरी टोपी, अंगावर औषधाचा वास. आम्ही मास्तर लोक म्हटल्यावर खाट टाकली, पाणी आणलं, द्राक्षांनी भरलेलं घमेलं पुढ्यात ठेवलं. विलासला राहवेना.

“काका, द्राक्षाला इथलं हवामान अगदी मानवतं, नाही?”

काका हसले ते हसतच राहिले. “हवामान? सर, हवामानानं द्राक्ष येत आसतं तर मी घरी झोपलो नसतो का? थंडी पडली तर मणी तडकतो, ढग आलं तर डाऊनीचा रोग येतो, पाऊस आला तर सगळंच गेलं. द्राक्ष हवामानाशी भांडून आणावं लागतं. लय भांडकुदळ पीक हाय.”

विलासचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला इतका आनंद झाला की मी अख्खा घड खाल्ला.

“आन् भांडतो तरी कोण,” काका पुढे म्हणाले, “मी एकटा? ही सुरगाण्याची माणसं नसली तर बाग डोळ्यांदेखत वाळंल. ती यशोदाची आई हाय ना, तिच्यासारखी घडाची विरळणी पंचक्रोशीत कोणाला जमत नाय. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, नुसती बघती आन् कात्री चालवती. आन् जीभ म्हणजे मीटर. साखर उतरली का नाय, ती मणी चावून सांगती. मी मागनं मीटर लावतो, तेच निघतं.”

“आणि यशोदा?”

“पोरगी दुपारच्या सुट्टीत वही घिऊन बसती. काल गेले सगळे. चुलतभावाचं लग्न हाय उद्या पाड्यावर. म्हटलं, ऐन काढणीत? तर तिची आई म्हनली, द्राक्ष चार दिवस थांबतील, नवरदेव थांबायचा नाय.”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर कोणी तरी कमेंटमध्ये भांडायला येईल. दिंडोरी म्हणजे व्हर्जिनिया नाही. विलासचा विनोद तिथेच संपला. इथली माणसं कोणाच्या मालकीची नाहीत. लग्न असलं की काम टाकून निघून जातात आणि मालक हात चोळत बसतो. व्हर्जिनियाच्या मळ्यावरून लग्नाला म्हणून कोणाला असं जाता आलं नसतं. हे मला त्या खाटेवर बसल्या-बसल्या सुचलं, आणि नऊ वर्षांत वर्गात कधीच का सुचलं नाही म्हणून स्वतःचा रागही आला.

मुक्काम वणीला. देवीच्या भक्तांसाठी लॉज पुष्कळ, अडीचशे रुपयांत खोली, गरम पाणी सकाळी सहा ते सात, त्यानंतर श्रद्धेवर. मॅनेजरनं रजिस्टर पुढे केलं. “दर्शनाला?”

“नाही, सहीला.”

त्यानं ‘इतर’ असं लिहिलं.

रविवारी लवकर निघालो. वणी सोडली की बागा संपतात, आणि संपतात म्हणजे एकदम संपतात. डोंगर जवळ येतात, वावरं लहान होत जातात, उतारावर चिंधीसारखी. बोरगावला चहा घ्या आणि पेट्रोल बघून घ्या, मग डावीकडे सुरगाण्याचा रस्ता. घाटात वळणं सुंदर आणि खड्डे त्याहून जास्त. फेब्रुवारीत डोंगर तपकिरी, खाचरं मोकळी, नुसती भाताची खुंटं. “खडकाळ जमीन, छोटी शेती, म्हणून लोक बाहेर जातात,” विलास म्हणाला. “न्यू इंग्लंड. तिथले समुद्रावर गेले, इथले दिंडोरीला.” पण कालच्या घमेल्यानंतर त्याच्या आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

सुरगाण्याला गाडी उभी केली, कारण पुढचा रस्ता आमच्या आठशेचा नव्हता. जीप मिळाली, माणशी दहा रुपये. आत चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि एक नवं कोरं लोखंडी कपाट, बहुतेक लग्नाचं.

“बसा मॅडम, अजून चार मावतील,” ड्रायव्हर म्हणाला.

“कुठे?”

“ते बसल्यावर कळंल.”

मावलो. विलास कपाटाला मिठी मारून उभा राहिला आणि अर्धा तास भूगोलाबद्दल अवाक्षर बोलला नाही.

पाड्यावर मांडव घातला होता, वाजप चालू होतं, आणि आम्हाला बघून सगळं थांबलं. गर्दीतून यशोदा आली, हिरव्या साडीत, हाताला हळद. मला बघून तिचा चेहरा पडला. “मॅडम? काय झालं?” तिला वाटलं कॉलेजातून काढून टाकलं. मी घाईघाईनं सगळं सांगितलं: यादी, सोमवार, बारा वाजता, फॉर्म. पेन काढून तिच्या हातात दिलं. मनात म्हटलं, सही झाली की तासाभरात परत, संध्याकाळी घरी.

यशोदानं फॉर्म वाचला. पुन्हा वाचला.

“मॅडम, इथे आजारी लिहिलंय.”

“हो गं, ते सगळ्यांचंच तसं लिहितात.”

“मी आजारी नव्हते. मी कामाला होते.”

“अगं, नुसतं कागदावर.”

“कागदावरचंच म्हणते मी. मी आजारी होते असं लिहिलं, तर द्राक्षं कोणी काढली?”

मी कपाळाला हात लावला. दोन दिवस, तीन तालुके, आणि पोरगी सही करायला तयार नाही! खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. वर्ष तिचं जाणार होतं आणि पळापळ मी करत होते. मी म्हटलं, “यशोदा, हट्ट करू नकोस. खरं कारण त्या कॉलममध्ये बसत नाही. आजार, घरातला मृत्यू, खेळाच्या स्पर्धा, एवढंच चालतं.”

“मग माझं वर्ष जाईल?”

“जाऊ शकतं.”

तिनं फॉर्मकडे पुन्हा पाहिलं. पेन हातातच होतं. विलासनं मध्यस्थी केली, “आपण असं करू. ‘भौगोलिक परिस्थितीमुळे’ लिहू. खोटंही नाही.”

“सर, इथे पाऊस दिंडोरीपेक्षा कमी पडतो का?”

“छे. कितीतरी जास्त.”

“मग उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर का येतो?”

“कारण उतार आहे. पाणी थांबत नाही, वाहून समुद्राला जातं, म्हणून...” विलास स्वतःच अडखळला.

“पाणी उतारानं जातं, सर. ते अडवायचं की नाही, हे पण उतारच ठरवतो का? आम्ही उतारानं गडगडत नाही गेलो दिंडोरीला. जीपनं गेलो.”

आजूबाजूचे हसले. मी नाही हसले. मला तो पेपर आठवला.

तेवढ्यात तिची आई आली. लहानखुरी, काटक बाई. इकडे लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, त्यात अनादर नसतो, आपल्याला शहरात ‘अहो मॅडम’ची सवय म्हणून दोन मिनिटं कान टवकारतात. “बाई, तू आधी जेव. कागद पळून नाय जात.” आम्हाला पंगतीत बसवलं. पत्रावळीवर भात, उडदाचं वरण, नागलीची भाकरी. तो भात मी आयुष्यभर विसरणार नाही, वासानंच अर्धं पोट भरलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “भात तुमच्या शेतातला का?”

“माझ्याच हातचा. पालापाचोळा पसरून राब भाजायचा, त्यात बी टाकायचं, रोप वीतभर झालं की आवणी. चिखलात उभं राहून एकेक रोप लावायचं. खोल गेलं तर कुजतं, वर राहिलं तर तरंगतं. तुला येतं?”

“नाही.”

“मग तू शिकवती काय?”

पंगत खो-खो हसली. मी म्हटलं, “मी अमेरिका शिकवते. तिथेही भात होतो. दक्षिणेकडे, दलदलीत. इंग्रजांनी मोठे मळे केले.”

“इंग्रजांनी?” तिनं वाढता हात थांबवला. “त्यांच्या गावाला भात होतो?”

मी विलासकडे बघितलं. विलास म्हणाला, “नाही. तिथे थंडी.”

“मग त्यांना आवणी कोणी शिकवली?”

मी नऊ वर्षं शिकवत होते: हवा दमट, दलदल भरपूर, म्हणून भात. दलदल होती म्हणून भात, जणू काही तो आपला आपणच उगवला! विलासनं घास तसाच ठेवला आणि हळूच म्हणाला, “पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला भात होतो. पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या.” हे त्याला पंधरा वर्षं माहीत होतं. गुलाम त्याच किनाऱ्यावरूनही नेले, हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. एका घरात, दोन कपाटांत. लाज वाटली मला, अगदी सपशेल लाज वाटली.

“मॅडम,” यशोदा म्हणाली, “हे मी पेपरात लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर.”

“दुसऱ्या पानावर?”

“तुम्ही पान उलटलं नव्हतं.”

ती रागानं नाही बोलली. घड्याळात किती वाजले सांगावं तशी बोलली.

जेवण झाल्यावर मी फॉर्म घेतला, ‘आजारपण’वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘द्राक्षांच्या हंगामात बागेत कामाला गेल्यामुळे.’ त्याखाली आधी माझी सही केली. मग पेन तिला दिलं. “आता चालेल?”

“आता चालेल. पण ऑफिसात चालेल का?”

“नाही चाललं तर मी भांडेन.”

“तुम्ही?” असं तिनं ज्या स्वरात विचारलं ना, तो अजून माझ्या कानात आहे. पण सही केली. नवरदेवाच्या मावशीनं आम्हाला हळद लावल्याशिवाय सोडलं नाही. विलासच्या पांढऱ्या शर्टाचे डाग अजून गेलेले नाहीत, आणि याला हवामान जबाबदार नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी चाचणीचा गठ्ठा शोधला. यशोदाचा पेपर काढला. पहिलं पान, लाल ‘विषयांतर’, दहापैकी दोन. पान उलटलं. दुसऱ्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात होतं: “भात लावणं बघून येत नाही, हाताला असावं लागतं. इंग्लंडमध्ये भात होत नाही. म्हणजे ज्यांना भात येत होता त्यांनाच धरून नेलं असणार. त्यांना मजूर म्हणून नेलं नाही, शेतकरी म्हणून नेलं, आणि नेल्यावर मजूर म्हटलं.”

नंतर मी लायब्ररीत शोधलं. अभ्यासक यावर वाद घालतात, कोणी जास्त श्रेय देतात, कोणी कमी. पण आफ्रिकेतून नेलेल्यांपैकी पुष्कळांना भातशेतीचं ज्ञान होतं, याबद्दल शंका नाही. त्यांचं ते ज्ञान माझ्या नोट्समध्ये नव्हतं. मी त्या सगळ्यांना चौथ्या ‘म्हणून’मध्ये कोंबून मोकळी झाले होते. आणि तोच शब्द, बघा, ‘शेतकरी म्हणून’ असा त्या पोरीनं कसा उलटा करून माझ्या हातात दिला.

मी दोन खोडून नऊ केले. विलास म्हणाला, “दहा दे.” मी म्हटलं, “शुद्धलेखन.” तो म्हणाला, “तू सुधारणार नाहीस.”

सोमवारी क्लार्कनं फॉर्म उलटासुलटा केला. “मॅडम, हा कॉलमच नाही. आजारी लिहा ना, दोन मिनिटांचं काम.” मी म्हटलं, “ती आजारी नव्हती.” मग प्राचार्यांकडे गेले. त्यांनी नियम काढला, मी भांडले. पहिल्यांदाच, आणि फारसं चांगलं नाही. आवाज चिरकला, मधेच मी द्राक्षाच्या मण्याची साखर वगैरे सांगायला लागले. शेवटी ते वैतागून म्हणाले, “राहिलेले तास कोण भरून काढणार?” मी म्हटलं, “मी. दर रविवारी.” त्यांनी सही केली. बाराला सात मिनिटं कमी होती.

काढणी संपेपर्यंत आम्ही रविवारी दिंडोरीला जात होतो. काकांच्या शेडमध्ये दुपारी दोन तास. विलासही यायचा, नकाशा घेऊन. खरं म्हणजे द्राक्षांसाठी यायचा. वर्गाच्या नोट्स मी नव्यानं लिहिल्या. त्यात ‘म्हणून’ कमी आहेत आणि ‘कोणी?’ जास्त आहेत. झेरॉक्सवाला कुरकुरतो, पहिल्याइतक्या खपत नाहीत. घरातली दोन कपाटं आता शेजारी शेजारी लावली आहेत, त्यामुळे हॉलमध्ये चालायला जागा नाही आणि नागरिकशास्त्र रोज ठेचकाळतं.

एवढ्यावर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण एप्रिलमध्ये विद्यापीठाचा इतिहासाचा पेपर झाला, आणि मी गेटपाशी यशोदाची वाट बघत थांबले. प्रश्न आला होता, तोच, दक्षिणेकडच्या वसाहतींचा. मी लहान पोरीसारखी उतावीळ झाले होते.

“लिहिलंस ना सगळं? भाताचं, आवणीचं?”

“नाही मॅडम. चार म्हणून लिहिले. तुमच्या जुन्या नोट्समधले.”

“चौथासुद्धा?”

“चौथासुद्धा.”

“अगं, का? आपण रविवारी इतकं...”

तिनं पेन पिशवीत टाकलं. “वर्ष जातं, मॅडम. तपासणारे पान उलटतील की नाही, काय भरवसा?”

त्या पेपरात तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. मी तेव्हापासून गठ्ठा तपासायला घेतला की प्रत्येक पेपर आधी उलटा करून मागची बाजू बघते, कोरी असली तरी.